मी श्रावण पाळते

शुक्रवार, २५ जुलै २०२५

सिस्टर इनेस म्हणायच्या, राग आला की दहापर्यंत मोजावं, इंग्रजीत. मी सकाळपासून तीनशेच्या पुढे गेले. राग इंग्रजीत मावत नाही. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की गळ्यात लाकडी पट्टी अडकवायच्या. ती पट्टी आज चौसष्टाव्या वर्षी काढून ठेवते आणि लिहायला बसते. वही सयाजींची, माझ्या यजमानांची आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर पावसाच्या नोंदी ठेवायला आणली होती. चार पानं भरली आणि ते गेले, त्याला चार वर्षं झाली.

झालं ते एवढंच. सोमवारी दूध उतू गेलं. घरोघरी जातं. पण बुधवारी अनुजाने, म्हणजे सुनेने, माझं कपाट मला न विचारता उघडलं आणि पैठणीमागच्या तीन बाटल्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. ब्रँडीच्या. दोन रिकाम्या, एक निम्मी. राजवर्धन, माझा एकुलता एक मुलगा, मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. मोना, माझी नात, झोपली होती, तेवढंच बरं.

मी सांगितलं, त्या केकच्या आहेत. ख्रिसमसच्या केकसाठी मी जूनपासून मनुका भिजत घालते हे अख्ख्या ताराबाई पार्कला माहीत आहे. दर नाताळात बारा घरी माझा केक जातो. अनुजाने ऐकून घेतलं. बँकेत गिऱ्हाइकाचं ऐकतात तसं.

"आई, मी भांडत नाही," ती म्हणाली. "दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा असतात, तिथं तुम्ही जायचं. तोवर मोना शाळेतून पाळणाघरात जाईल."

दारू. हा शब्द माझ्या घरात, माझ्या टेबलावर. लहानपणी सर्दी झाली की आई चमचाभर ब्रँडी कोमट पाण्यातून द्यायची. पन्हाळ्याच्या घरी थंडीत आबांच्या, माझ्या वडिलांच्या, हातात कट ग्लासचा पेला असायचा, आणि शेकोटीचा उजेड त्यात उतरला की मला वाटायचं, जगातली सगळ्यात सुंदर वस्तू हीच. त्याला दारू म्हणत नसत. दारुडे मी काल रात्री पाहिले. आखाडाची अमावस्या म्हणून खालच्या मजल्यावरचे पुरुष पार्किंगमध्ये मटणाचं भगुलं मधे ठेवून ओरडत होते. त्यांच्या सुना त्यांना कुठल्या मीटिंगला धाडत नाहीत.

आणि मी श्रावण पाळते. एकतीस वर्षं. कांदा-लसूण नाही, मटण नाही, ब्रँडीचा थेंब नाही. आज पहिला दिवस. दारुड्याला जमेल हे?

मोनाची शाळा साडेतीनला सुटते. पहिलीपासून मीच तिला खाली व्हॅनपाशी उतरवून घ्यायची. आज साडेतीनला गॅलरीत उभी राहिले. व्हॅन आली, दुसरी मुलं उतरली, गेली.

ठरवलं आहे. एकदा त्या मीटिंगला जायचं, या बाईंना इथे यायची गरज नाही असं लेखी आणायचं, आणि तो कागद फ्रिजवर लावायचा.

दुपारी हात जरा थरथरत होते. उपास मानवत नाही. मनुका चाखून पाहिल्या, दोन चमचे. छान मुरल्या आहेत.

सोमवार, २८ जुलै

अनुजाने दिलेल्या नंबरवर फोन लावला. मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडचा माणूस म्हणाला, "बोला वैनी. मालकांसाठी का?"

मी हो म्हणाले.

काय करू? नाही, माझ्यासाठी, असं एका अनोळखी माणसाला, सकाळी अकरा वाजता, गॅस सिलिंडरची बुकिंग सांगावी तसं सांगू? त्याने आपलं नाव आकाराम सांगितलं, आडनाव लागत नाही म्हणाला. एस.टी.त ड्रायव्हर होता, आता रिटायर. आवाज मोठा, समोर इंजिन चालू असल्यासारखा. मालक किती वर्षं घेतात, विचारलं. मी म्हणाले, थोडी पूर्वीपासून, पण चार वर्षांत वाढली. कधी सुरू करतात? दुपारी तीनला. एकटेच? एकटेच. लपवून ठेवतात? मी म्हणाले, कपाटात. रागावतात का? फार, मी म्हणाले. हे सगळं मी भराभर सांगितलं, जणू परीक्षेत येणारे प्रश्न आले होते.

"मालक लई हुशार असनार," आकाराम म्हणाला. "हुशार मानसाला लई येळ लागतोय."

मीटिंग सोमवारी संध्याकाळी सातला, शिवाजी पेठेत, एका शाळेच्या खोलीत. राहता कुठं विचारलं तर मी फ्लॅट नंबर, बिल्डिंगचं नाव, पिनकोडसकट पत्ता सांगितला. सिस्टर इनेसनी पत्ता कधी अर्धा सांगू दिला नाही. नावही सांगितलं. सयाजी.

फोन ठेवला आणि भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे बघायची हिंमत झाली नाही. ज्या माणसाने जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याला मी पाच मिनिटांत दारुडा केलं. आणि कुणामुळे? अनुजामुळे.

गुरुवार, ३१ जुलै

पेठेत सातच्या गर्दीत जायचं जिवावर आलं, म्हणून आधी कळंब्याच्या पुढे एक व्यसनमुक्ती केंद्र आहे तिथे गेले. वाटलं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जास्त वजनदार. टेबलापाशी एक माणूस फॉर्म घेऊन बसला होता. फॉर्मवर रुग्णाचं नाव, वय, आणि खाली पत्नीची सही. छापूनच टाकलंय, पत्नीची.

पेशंट कुठं आहे, त्याने विचारलं. मी म्हणाले, एका नात्यातल्या बाईंसाठी चौकशी करते आहे. तो हसला. वाईट हसला असं नाही, खरंच गंमत वाटल्यासारखा. इथे बायकांची सोय नाही, म्हणाला, आणि मग पुढे: "आमच्याकडं बायका पेशंटला घेऊन येत्यात. त्यांनीच प्यायली तर घेऊन कोण येनार?"

मी त्याला इंग्रजीत दोन वाक्यं सुनावली. एकही त्याच्यापर्यंत पोचलं नाही. रिक्षात बसल्यावर रडू आलं, रागाचं. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि म्हणाला, आक्का, मालक सुधारतील, माझा मेव्हणा पण सुधारला. सगळ्या कोल्हापुरात माझ्या मालकांची काळजी.

घरी आल्यावर मनुका. तीन चमचे. बरणीत वरून थोडी ब्रँडी घालावी लागली. मनुका रस पितात.

सोमवार, ४ ऑगस्ट

दुसरा श्रावणी सोमवार. दिवसभर उपास. पावणेसातला शिवाजी पेठेत उतरले. आकारामने सांगितलं होतं, तालमीसमोरची शाळा. पाटी नसते म्हणाला होता, कुणाची ओळख नको म्हणून. पाटी नाही म्हणजे विचारावं लागणार, आणि विचारायचं काय? तालमीच्या कट्ट्यावर फुटबॉलचे टी-शर्ट घातलेली पोरं बसली होती. मला बघून उठून उभी राहिली. "काकू, कुनाकडं?"

मी म्हणाले, भजनी मंडळ.

का म्हणाले देव जाणे. पांढरी साडी होती, उपासाचं तोंड होतं, शोभलं असावं. त्यातल्या एकाने माझी पिशवी घेतली, मला शाळेच्या पटांगणातून पलीकडच्या देवळात नेलं आणि आत ओरडून सांगितलं, नवीन काकू आल्यात. नऊ बायका सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली, माझ्या हातात टाळ दिले. मी कॉन्व्हेंटची. मला लॅटिनमधली स्तोत्रं पाठ आहेत, अभंग एक नाही. तासभर टाळ वाजवला आणि तोंड हलवलं. मधेच भिंतीपलीकडून, शाळेच्या बाजूने, पुष्कळ पुरुषांचं एकदम हसणं ऐकू आलं. शेजारची बाई म्हणाली, ते सोमवारचे लोक, त्यांचं असंच असतं.

प्रसादाचं केळं घेऊन घरी आले. अनुजाने विचारलं, गेला होतात? मी म्हणाले हो. खोटं नव्हतं, मी गेले होते. पण तिच्या चेहऱ्यावर आशा दिसली, आणि त्या आशेचा मला इतका राग आला की केळं तसंच टेबलावर टाकून खोलीत गेले. हसत होते ते लोक. माझ्या आयुष्याचं वाटोळं आणि त्यांना हसू येतं.

शनिवार, ९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. राजवर्धनला नारळी भात माझ्याच हातचा लागतो. लवंग, गूळ, ओला नारळ, अगदी आईच्या पद्धतीने. मनुका टाकायला डबा उघडला तर रिकामा. दुकानात कोण जाणार म्हणून बरणीतल्या दोन मुठी घातल्या. शिजल्यावर काय राहतं?

मोनाने दुसऱ्या घासाला तोंड वाकडं केलं. "आजी, मनुका चावते," म्हणाली आणि हातावर काढून ठेवली. अनुजाने ती मनुका उचलली, नाकाशी नेली, आणि मोनाचं ताट उचलून मोरीत ओतलं. सणाच्या दिवशी, नैवेद्याचं अन्न. राजवर्धनने स्वतःचं ताट संपवलं, पण मनुका कडेला ठेवून. मी म्हणाले, पाळणाघरात जाऊन पोरीला चवी लागल्यात.

उरलेला भात धोंडुबाईला दिला. सव्वीस वर्षं माझ्याकडे भांडी करते. तिने ओट्यापाशी उभ्याने एक घास खाल्ला आणि थांबली.

"वैनीसाब, आमचं मालक मेलं तवा घरात असाच वास हुता," ती म्हणाली आणि पदराने ताट झाकलं. घरी नेला नाही.

मोलकरणीने सुद्धा आता मला बोलायचं. तिच्याकडून अनुजाला सगळं कळतं. त्या सोमवारी पाचला तीच आली होती. गॅसचा वास येतोय म्हणून आरडाओरडा करणारी तीच. थोडा वास होता. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, खिडक्या बंद होत्या. खिडक्या उघडल्या, वास गेला. एवढंच.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

स्वातंत्र्यदिन.

सुट्टी. सगळे घरात. अकराच्या सुमाराला बेल वाजली, राजवर्धनने दार उघडलं. पांढरा शर्ट, गांधी टोपी, दांडग्या खांद्याचा म्हातारा, आणि मागे चष्मेवाला किडकिडीत दुसरा. आवाज ऐकला आणि मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. इंजिन.

"सयाजीराव हाईत का?"

राजवर्धन गोंधळला. कोण, विचारलं. आकाराम म्हणाला, सयाजीराव, जरा बसायला आलतो, दोन शब्द बोलायला. त्यांची ही रीतच आहे म्हणे, पिणारा येत नसेल तर दोघांनी मिळून त्याच्या घरी जायचं. हे मला कुणी सांगितलं होतं?

राजवर्धन बाजूला झाला आणि त्याने भिंतीकडे हात केला. फोटो. चंदनाचा हार. चष्म्यातून सरळ बघणारे सयाजी.

आकारामने फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात कालथा. त्याच्या तोंडावर क्षणभर काहीच नव्हतं आणि मग सगळं होतं. त्याने टोपी काढली. मागचा किडकिडीत माणूस फोटोला हात जोडून उभा राहिला.

"चुकलं पावणं," आकाराम राजवर्धनला म्हणाला. "आमच्या डेपोतलं सयाजीराव. ह्याच बिल्डिंगीत ऱ्हात्यात म्हनून सांगितलंतं. माफ करा, सनाच्या दिवशी."

राजवर्धनने बसवलं, पाणी दिलं. दोघांनी पाणी पिऊन पेले खाली ठेवले. मी दारापर्यंत गेले, दार लावायला म्हणून. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो थांबला आणि त्या इंजिनाच्या गळ्यातून इतका हळू आवाज आला की मला वाकावं लागलं.

"सोमवारी सात. शाळेच्या मागल्या दारानं या, तिथं माझी मंडळी बसलेली असतील. आनि ताई, मालकांना आता तरास देऊ नका."

इतके दिवस वैनी होते. आता ताई.

आत आले तर अनुजा फोटोसमोर उभी होती. तिला खोटं बोलता येत नाही आणि दुसऱ्याचं खोटं पटकन कळतं, असा तिचा स्वभाव आहे. तिने एवढंच विचारलं, "आई, तुम्ही बाबांचं नाव सांगितलंत?"

मी कालथा सिंकमध्ये फेकला. त्या म्हाताऱ्याचा राग, अनुजाचा राग, राजवर्धनच्या भोळ्या तोंडाचा राग. आणि सयाजी, तुमचासुद्धा. चार पानं पाऊस लिहिलात आणि निघून गेलात. संध्याकाळी साडेसहाला चहा टाका म्हणणारं कुणी नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? तेव्हा एकटीने पहिला पेला मी तुमच्या खुर्चीत बसून घेतला. ती बाटली तुम्हीच काढायला लावलीत.

रविवार, १७ ऑगस्ट

आकारामला फोन करून झापलं. चांगली दहा मिनिटं. न विचारता कुणाच्या घरी यायचं नाही, मी प्रतिष्ठित घरातली बाई आहे, माझे वडील कोण होते ते तुम्हाला माहीत नाही, वगैरे. तो व्हय, व्हय करत ऐकत राहिला. दम संपला तेव्हा मी हुकमाचं पान टाकलं. म्हणाले, मी एकतीस वर्षं श्रावण पाळते, महिनाभर थेंब घेत नाही. सवय असती तर हे जमलं असतं?

"मी बी पाळायचो की," तो म्हणाला. "अकरा वर्सं. डेपोत पैजा लावायचो, आकाराम श्रावणात शिवनार न्हाय. जिंकायचो बी. ताई, एक इचारू? तुमच्या मालकांनी श्रावणात कधी दारू सोडली?"

मी चिडून म्हणाले, ते पीतच नव्हते, सोडतील काय?

"तेच म्हनतोय मी," आकाराम म्हणाला. "जो पीत न्हाय त्याला श्रावन आला काय आनि गेला काय."

मी फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही, तोही राग.

सोमवार, १८ ऑगस्ट

गेले होते.

मागच्या दाराच्या पायरीवर एक नऊवारीतली बाई घेवडा निवडत बसली होती. तिने नाव विचारलं नाही. "आत जावा, मी हाय हितं," म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली. इतक्या साध्या शब्दांसाठी मी तीन आठवडे गावभर हिंडले.

पहिलीचा वर्ग. भिंतीवर अ अननसाचा. बुटक्या बाकांवर अकरा पुरुष गुडघे छातीशी घेऊन बसलेले. मी शेवटच्या बाकावर टेकले आणि ठरवलं, तोंड उघडायचं नाही. लेखी कागदाचं मी आत शिरतानाच आकारामला विचारलं होतं. तो म्हणाला, "लिहून कोन देनार, ताई? हितं आडनावच न्हाय कुनाला, सही काय करायची?"

एकेक जण बोलला. एकाने स्वतःच्या मुलीच्या लग्नात तो कुठे पडला होता ते सांगितलं, आणि सगळे हसले, तोही हसला, आणि मला कळलं की देवळात ऐकलेलं हसू हेच. ते कुणावर हसत नव्हते. मला पुन्हा राग आला, पण आता कुणाचा ते सापडेना.

मग माझ्याकडे वळले. बोललं नाही तरी चालतं म्हणाले. पण मी सिस्टर इनेसची विद्यार्थिनी, विचारलं तर उभं राहून उत्तर द्यायचं. उभी राहिले. माझं नाव विजयमाला, म्हणाले. तो चष्मेवाला किडकिडीत माणूस हळूच म्हणाला, किती दिवस झाले बंद करून?

मी म्हणाले, पंचवीस. श्रावण लागल्यापासून.

आणि थांबले. सगळे टाळ्या वाजवायला हात वर नेऊन थांबले होते. मला ती बरणी दिसली. जूनमध्ये गळ्यापर्यंत भरलेली. मी तिच्यात या महिन्यात किती वेळा वरून ओतलं ते दिसलं. आणि मोनाच्या तळहातावरची चावलेली मनुका.

"नाही," मी म्हणाले. "मी मनुका खाते."

कुणाला कळलं नाही, म्हणून सांगावं लागलं. केक, बरणी, दुपारचे तीन, दोन चमचे, तीन चमचे, नारळी भात. हसतील असं वाटलं. ज्या माणसाने मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगितली होती तो म्हणाला, मी खोकल्याचं औषध प्यायचो, डझनभर बाटल्या, श्रावणातच. बाकीच्यांनी माना हलवल्या, आपल्याच गावचं कुणी भेटावं तशा.

मग मी त्यांना तो सोमवार सांगितला. इथेही तो मी नीट लिहिलेला नाही. एकवीस जुलै. साडेतीनला व्हॅन आली तेव्हा मी खाली नव्हते. मोना एकटी जिना चढून आली, दार उघडंच होतं. मी सोफ्यावर होते. तिने मला हलवलं. भूक लागली म्हणून स्टुलावर चढून दूध तापत ठेवलं. सात वर्षांच्या मुलीने. ते उतू गेलं, शेगडी विझली, गॅस चालू राहिला. धोंडुबाई पाचला आली तेव्हा मोना माझ्याशेजारी जमिनीवर बसली होती आणि तिने एक बोट माझ्या नाकाखाली धरलं होतं. किती वेळ धरलं होतं कुणास ठाऊक. हे तिला कुणी शिकवलं? मी नाही. कुणीच नाही. तिचं तिने शोधून काढलं.

खाली बसले तेव्हा बाक इतका बुटका होता की मी जवळजवळ पडलेच. आकाराम म्हणाला, आजचा दिस एक धरा.

बाहेर त्याच्या बायकोने शेंगांची पिशवी काखेत मारली आणि मला रिक्षापर्यंत सोडलं. वाटेत तिने तिच्या नवऱ्याविषयी एक शब्द काढला नाही. घेवड्याला यंदा कीड आहे, म्हणाली.

शनिवार, २३ ऑगस्ट

आज श्रावण संपला. खालच्या मजल्यावरून मटणाच्या फोडणीचा वास दुपारपासून येतो आहे. धोंडुबाईने केर काढताना विचारलं, आज सोडनार का? तिला उपास म्हणायचं होतं की दुसरं, मी विचारलं नाही.

अनुजा घरी होती. मी स्टुलावर चढून बरणी काढली आणि तिच्यासमोर ओट्यावर ठेवली. म्हणाले, हिच्यातलं मी खात होते. श्रावणभर. ती म्हणाली, "मला माहीत आहे, आई." नारळी भातानंतर तिने रोज सकाळी बरणी पाहिली होती म्हणे, पण उचलली नाही. का, मी विचारलं, ओरडूनच विचारलं. तर म्हणाली, कपाट मी उघडलं तेव्हा तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. ही तुम्हीच काढायला हवी होती.

तिने चाळणी धरली, मी ओतलं. वास असा उठला की डोळे मिटले. आबांचा पेला, शेकोटी, पन्हाळ्याचं धुकं, सगळं त्या मोरीतून खाली गेलं. मनुका चाळणीत काळ्या, फुगलेल्या. धोंडुबाईने पिशवीत बांधून लगेच खाली नेल्या, परत आणल्या जाऊ नयेत म्हणून असावं.

मग मी मोनाचं विचारलं. सोमवारपासून व्हॅनपाशी उभी राहू का?

"अजून नाही, आई," अनुजा म्हणाली. "पाळणाघर चालू राहील."

बरणी ओतली, भर वर्गात पुरुषांसमोर उभी राहिले, तरी अजून नाही. मी खोलीत गेले आणि उशीवर चार बुक्क्या मारल्या. मग आकारामला फोन केला. तो म्हणाला, बराबर हाय तिचं. मी त्याचाही फोन ठेवला. पण तोवर साडेचार वाजून गेले होते, तीनची वेळ टळली होती.

सोमवार, २५ ऑगस्ट

परवा गणपती. अनुजाने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि मोनाला पाळणाघरातून चारलाच आणलं. दोघी आल्या तेव्हा मी सयाजींच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. सातला पेठेत जायचं होतं, त्याआधी जरा पाठ टेकली होती. झोपले नव्हते. दार, चपला, दप्तर ठेवल्याचा आवाज, सगळं ऐकत होते.

अनवाणी पावलं जवळ आली आणि थांबली. मग नाकाखाली काहीतरी थंड, शाईचा वास असलेलं.

"मी जागी आहे, मोना," मी डोळे न उघडता म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरी बघते."

स्वयंपाकघराच्या दारातून अनुजाने तिला हाक मारायला श्वास घेतल्याचं ऐकू आलं, पण हाक आली नाही. मी बोट बाजूला केलं नाही. ते तिथंच राहू दिलं आणि तिला नीट कळावं म्हणून श्वास सावकाश, मोठ्याने सोडत राहिले.